अवसेचं पाणी

आमच्या वाडीच्या लेखी महाड म्हणजे विलायत. मी महाडच्या इंग्रजी शाळेत शिकायला गेलो तेव्हा वाडीतली माणसं पोलादपूरच्या बाजारात छाती काढून सांगायची, "आमचा पोरगा विलायतेला हाय शिकायला." पोलादपूरवाले फिदीफिदी हसायचे. त्यांना हसायला काय जातंय? ते बसलेत खाली, सडकेच्या कडेला. महाड त्यांच्यापासून एका सकाळच्या चालीवर. आमची वाडी पार डोंगराच्या माथ्यावर. खाली उतरताना गुडघे बोलायचे आणि वर चढताना देव आठवायचे. म्हशी, नाचणी आणि धुकं, एवढंच आमचं ऐश्वर्य. वाडीलगतचा ओहोळ उड्या मारत खाली जाऊन सावित्रीला मिळायचा, आणि तीच सावित्री पोलादपुरावरून महाडला जायची. त्यामुळे ही नदी आमच्या परसातून निघाली आहे, असंच आम्ही सगळे धरून चालायचो. पुढचं सगळं रामायण घडलं ते यावरूनच.

शाळेसाठी वाडीतून खाली उतरलेला मी पहिला. पोलादपुरात मामाकडे राहून मराठी चार इयत्ता केल्या. मग मास्तरांनी बाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागे लकडा लावला आणि मी महाडला एका शेठच्या पडवीत येऊन पडलो. शेठचं तांदूळ, मीठ आणि कौलांचं दुकान होतं. सकाळी दुकान झाडायचं, शाळेच्या मधल्या सुट्टीत शेठ जेवायला गेले की दाराशी राखण बसायचं, संध्याकाळी पोती रचायला हात लावायचा. बदल्यात दोन वेळचं जेवण. अवसेला मात्र दुकान बंद. त्या दिवशी मधली सुट्टी माझी! मी उठायचो तो थेट बंदरावर, माल घेऊन आलेले पडाव, ती शिडाची गलबतं, बघायला.

तिथंच मी पहिल्यांदा पाहिलं. नदी उलटी वाहत होती. खाली समुद्राकडल्या दासगावच्या अंगानं पाणी वर येत होतं. काटक्या, गवत, नारळाची सोडणं, सगळी वरात पोलादपूरच्या दिशेनं निघालेली. मी डोळे चोळले. पलीकडे बसलेल्या एका वर्गमित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "भरती आहे रे. खाडीचं पाणी चढतं." त्याला त्याचं काहीच नव्हतं. तो महाडातच जन्मलेला. मला मात्र त्या रात्री जेवण गोड लागेना. पुढच्या अवसेला पुन्हा गेलो, पुन्हा तेच. नदी रोज दुपारी उलटी होत असणार, असं मी मनाशी पक्कं केलं आणि दिवाळीची वाट बघत बसलो. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून राहणं माझ्या स्वभावात नाही. अजूनही नाही.

दिवाळीला घरी गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी अंगणात सगळ्यांना सांगून टाकलं. त्याआधी मोटारीचं सांगितलं होतं, कोर्टाचं सांगितलं होतं, ते लोकांनी ऐकून घेतलं. नदीचं सांगितलं आणि ठिणगी पडली. खालच्या घरचा म्हातारा, नात्यानं माझा चुलत आजा, पुढे सरकून बसला.

"पाणी वर चढतं म्हणतोस?"

"चढतं."

"बेस झालं. मंग येईल चढत चढत आपल्या दारात. बायांचा हंडा सुटला."

अंगण हसून हसून लोळायला लागलं. मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर आलेला एकजण माझ्या बाजूनं म्हणाला, "समुद्राला भरती येते, मी बघितलीय." आजानं त्याला झटकून टाकलं. "समुद्राचं सोड रे. तो खुळाच हाय, येतो नि जातो. ही आपली सावित्री. आपल्या म्होरनं खाली जाते. गेलेली ती माघारी कशाला येईल?"

माझी आत्या भिंतीशी बसून लसूण सोलत होती. बाची ती थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती परत आली, तेव्हापासून आमच्याच घरी. तिनं मान वर न करता म्हटलं, "मी आले की माघारी. नदीला काय बंदी हाय?"

यावर दोन-चार बायांनी माना डोलावल्या. पण माझं नाव पडायचं ते पडलंच. दुसऱ्या दिवसापासून मी वाडीचा थापाड्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण बाचं वाडीत एक वेगळंच स्थान होतं. म्हशींवरून कोणाचं भांडण झालं की लोक त्याच्याकडे यायचे. त्याची पद्धत साधी. वादातली म्हैस सड्यावर, मोकळ्या पठारावर, न्यायची, दावं सोडायचं आणि कोणी हाक मारायची नाही. ती ज्याच्या गोठ्यात जाईल त्याची. बा मागून चालत जायचा आणि परत येऊन काय पाहिलं ते सांगायचा. तो सांगेल ते खरं. त्या दिवाळीत अशाच एका भांडणात हरलेला माणूस चारचौघांत बोलून गेला, "पोरगा थापाडा निघाला. बाप तेवढा सत्यवादी?"

बा घरी आला, हात न धुताच ओट्यावर बसला. आत्यानं ताट वाढलं, त्यानं सरकवलं. मग मला म्हणाला, "मी येतो महाडला. माझ्या डोळ्यांनी बघतो. पाणी वर गेलं, तर शीक, पायजे तितकं शीक. नाय गेलं, तर दप्तर उचलायचं आणि म्हशींमागं लागायचं. बाकी सगळं खपवून घेईन, थाप नाय."

"बा, खरंच जातं रे."

"बघू."

आजाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मी बी येतो, साक्षीला." आत्या म्हणाली, "मी बी येते." बा म्हणाला, "तू कशाला गो?" ती म्हणाली, "विलायत काय तुमच्या बापाची हाय? बघाया येते."

यायचा दिवस कोणता, यावर तीन महिने खल झाला. नाचणी झोडून झाली, गवत रचून झालं, माघ उजाडला. अवसेला आमच्या वाडीतून कोणी पाऊल बाहेर टाकत नसे. अवसेला वेस ओलांडली तर ते गोठ्यावर येतं, म्हशी आटतात, रेडकं दगावतात, अशी पक्की समजूत. कोणी ओलांडलीच, तर पुढे वर्षभर ज्याच्या त्याच्या गोठ्यातल्या मरणाचं बालंट त्याच्यावर. पुनवेला देवीचा दिवा, तेव्हाही घरच. म्हणून सगळ्यांनी मिळून दोहोंच्या बरोबर मधला दिवस काढला. माघातली वद्य अष्टमी. बाधा नाही, सण नाही, एकदम स्वच्छ दिवस! मलाही बरं वाटलं. मला तिथीशी काय करायचं होतं?

आदल्या संध्याकाळी तिघं शेठच्या पडवीत येऊन टेकले. बाच्या खांद्यावर घोंगडी, आजाच्या हातात काठी, आत्याच्या डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. शेठनं आत्याला "या वहिनी" म्हटलं तर ती लाजून खांबाआड गेली आणि तिथून दुकानातल्या तराजूकडे बघत राहिली. सकाळी मी शाळेतून सुट्टी मागून घेतली आणि माझी विलायत दाखवायला निघालो.

आता हे तिघं तीन तऱ्हांचे. आजाला कशाचंच नवल वाटून घ्यायचं नव्हतं. बा काहीच बोलत नव्हता. आणि आत्याचं तोंड एक क्षण बंद नव्हतं. शिंप्याच्या दुकानापुढे ती अशी उभी राहिली की शिंपीच बिचकला. पायानं यंत्र चालवायचं आणि शिवण हातापुढे पडत जायची, हे तिला झेपेना. ती वाकून खालचं चाक बघे, मग वरची सुई बघे. "दोरा एकच हाय का दोन?" तिनं विचारलं. शिंप्यानं कौतुकानं यंत्राची खालची झडप उघडून आतला दोरा दाखवला. तेव्हा तिला असा आनंद झाला की तिनं माझ्या पाठीत गुद्दा घातला.

गोटीच्या सोड्याच्या बाटलीशी तर आम्ही घटकाभर अडकलो. गोटी आत गेली कशी, हे तिला हवं होतं. सोडा पिण्यात तिला रस नव्हता. आजानं मात्र सोडा प्यायला. ढेकर आली आणि तो म्हणाला, "हात्तेच्या! नुसता वारा हाय."

मोटार स्टँडवर एक सर्व्हिस मोटार नाकातोंडातून वाफ सोडत उभी होती. आजा दहा हातांवरून म्हणाला, "धापा टाकतीय. आमची म्हस पोलादपूरला जाऊन येते, तिला येवढी धाप नाय लागत." ड्रायव्हर हसला, पण मनातून त्याला ते लागलं असावं, कारण त्यानं विनाकारण भोंगा वाजवला. आजा टुणकन मागे उडाला आणि त्यानंतर बराच वेळ गप्प होता. ती शांतता मला फार गोड वाटली.

कोर्टात नेलं. मागच्या बाकाशेजारी भिंतीला टेकून आम्ही उभे राहिलो. एका बैलाचा दावा चालू होता. काळ्या डगल्यातले एक वकील हात उडवून बोलत होते.

"ह्यो बैलवाल्याचा भाऊ हाय?" आत्यानं कानाशी विचारलं.

"नाही. वकील."

"सोयरा?"

"कोणी नाही गो."

"मंग येवढा का चिडलाय?"

मी तिला गप्प करतोय तोवर बा सकाळपासून पहिल्यांदा बोलला, आणि बोलला तो गोठ्यात बोलावं तशा आवाजात. "बैल कुठाय?"

पट्टेवाला धावत आला. मी बाला ओढत बाहेर आणलं. "बा, इथं बैल आणत नाहीत. कागद आणतात."

"कागद बैलाला ओळखतो?"

"तसं नाही रे..."

"बैल सोडायचा. आपला आपण जाईल की घरी." तो पायऱ्यांवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. "जी वस्तू असेल ती म्होरं आणावी. तिला सोडावी. तिची ती सांगते." हे तो बैलाबद्दल बोलत होता की माझ्या नदीबद्दल, ते मला कळलं. 

वाटेत चवदार तळं लागलं. तळ्याच्या पाण्यावरून झालेला गोंधळ वर वाडीपर्यंत ऐकू आला होता, आणि त्याचा दावा अजून कोर्टात रेंगाळत होता. आत्या काठाशी थांबली. पलीकडच्या कडेला दोन गुरं पाण्याला लागली होती. "ह्येच ते?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती बराच वेळ गुरांकडे बघत राहिली. "गुराला पिऊ देतात आणि माणसाला नाय? का रे?" आजा म्हणाला, "गप गो, लोकांचं गाव हाय." ती गप्प झाली नाही. तिनं तोच प्रश्न मला पुन्हा विचारला. मी इंग्रजी शाळेतला, तरी मी तिचा हात धरून पुढे चालायला लागलो.

दुपार झाली तशी मी त्यांना बंदरावर घेऊन गेलो. सूर्य माथ्यावर होता. नेमकी हीच माझी वेळ. पडावांच्या डोलकाठ्या दिसायला लागल्या तशी माझी चाल वाढली. मी मागे वळून "या, या लवकर" म्हणत होतो. आणि धक्क्यावर पोचून बघतो तर काय, नदी आटलेली! एवढी आटलेली मी तिला कधी पाहिलीच नव्हती. पडाव चिखलात एका कुशीवर कलंडलेले. मधून एक पाण्याचा पट्टा चाललेला, आणि तो मुकाट, सरळ, खाली दासगावकडे.

बानं कमरेची भाकरी सोडली. ज्या पळसाच्या पानात ती बांधली होती त्यातलं एक पान त्यानं काढलं, चिखलातून पुढे गेला आणि ते पाण्यावर सोडलं. हाक मारली नाही, ढकललं नाही. म्हैस सोडतात तसं सोडलं. पान गरकन फिरलं आणि खाली निघालं.

"गेलं," आजा म्हणाला.

"थांबा, येईल पाणी," मी म्हणालो. "थोडं थांबा. उशीर झाला असेल आज."

"मोटार हाय काय उशीर व्हायला?"

आम्ही थांबलो. भाकरी खाल्ली. ऊन कललं. मी मनात सगळ्या देवांना हाका मारत होतो. आत्या मात्र मजेत होती. ती चिखलातून फिरली, कलंडलेल्या पडावाच्या पोटाला चिकटलेल्या शिंपल्या नखानं खरवडून बघितल्या, आणि मग ओंजळभर पाणी घेऊन तोंडात घातलं. तोंड वाकडं करून थुंकली आणि ओरडली, "अगो बाय! खारट हाय!"

"म्हशी मुतल्या असतील," आजा म्हणाला.

"तुझ्या तोंडात आग! म्हशीचं मला शिकवतोस? ये, चाख." ती बाच्याकडे वळली. "तू चाख रे. आपल्याकडनं जातं तेव्हा गोड असतं. वाटेत कोणी मीठ टाकलं?"

बानं बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा एकदा लावलं. बोट घोंगडीला पुसलं.

दिवस मावळायला आला तेव्हा चिखलावर पाणी जरासं सरकलं. बानं दुसरं पान सोडलं. ते जागच्या जागी उभं राहिलं. खाली जाईना, वरही जाईना. मी त्या पानाकडे असा बघत होतो की डोळ्यांनीच त्याला वर ढकलीन. अंधारलं तरी ते तिथंच डुलत होतं.

"थांबलंय," बा म्हणाला. "वर नाय गेलं." तो पदरचं काही घालून बोलणारा नव्हताच. जे पाहिलं तेवढंच.

पडवीत परतलो. माझा चेहरा बघून शेठनं काय झालं ते विचारलं आणि कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, अष्टमीला आणलंस होय सगळ्यांना? आज भांग. भांगाच्या दिवसांत भरतीला जोर नसतो, पाणी इथवर धड पोचतच नाही. माझा माल अडकून पडलाय खाली, तो का उगीच? उधाण यायला अवस नाहीतर पुनव लागते." मग बाच्याकडे वळून म्हणाले, "पोरगा खोटं बोलत नाही हो. पुढच्या अवसेला या. भर दुपारी नदी उलटी दाखवतो तुम्हांला."

माझ्या जिवात जीव आला. पण तो क्षणभरच.

"अवसेला आमच्या वाडीतलं माणूस बाहेर पडत नाय, शेठ," बा म्हणाला.

आजा मांडीवर थाप मारून उठला. "म्हंजे बघा! ज्या दिवशी आम्हांला येता येत नाय, नेमकी त्याच दिवशी नदी उलटी होते. आणि पुनवेला बी. बाकी दिवस सरळ! पोरगा काय साधासुधा नाय. विलायतेत पक्का झालाय."

खोटं वाटावं असंच होतं ते! मी आजाच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. पण तेव्हा मला इतकं समजूतदार होता येत नव्हतं. मला रडू फुटलं, आणि शेठसमोर रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. आत्या बाशी भांडायला लागली. "पाणी खारट होतं का नाय? सांग. होतं का नाय?"

"होतं."

"मंग?"

"खारट बघाया नव्हतो आलो." बानं घोंगडी उलगडली. मला म्हणाला, "शिमग्याला घरी ये. येताना दप्तर घेऊन ये. परत जायचं नाय." आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

सकाळी ते गेले. आत्या वळून वळून बघत होती. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. वर्गात मास्तर भूगोल शिकवायचे आणि नद्यांचं नाव निघालं की मी पुस्तकात तोंड खुपसायचो. शिमग्यानंतर हे बाक, हा फळा, काहीच माझं नसणार होतं. मला शिकायचं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं, पण शिंप्याच्या यंत्राखालचा दोरा बघताना आत्याला जे झालं, ते मला तिथं रोज व्हायचं.

अवस आली. दुकान बंद होतं. जावंसं वाटत नव्हतं, पण मधल्या सुट्टीत पाय आपोआप बंदराकडे वळले. धक्क्याच्या टोकाला घोंगडी पांघरून एक माणूस उकिडवा बसला होता. पाठ ओळखीची होती. मला वाटलं भास झाला.

"बा?"

त्यानं वळून पाहिलं नाही. हातानंच बस म्हणून खुणावलं. पायांवर धूळ, पिंढरीपर्यंत ओरखडे. कोंबडा आरवायच्या आधी, सडक सोडून, रानातून उतरला होता, कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. अवसेला! ज्या माणसानं आयुष्यात कधी अवसेला वेस ओलांडली नव्हती, त्यानं. मी त्याच्याजवळ बसलो. 

पाणी येत होतं. चिखल केव्हाच बुडाला होता, पडाव ताठ उभे राहिले होते. काटक्या, फेस, सोडणं, सगळं वर निघालेलं. बानं भाकरीचं पान सोडलं. ते पाण्यावर टेकलं, एकदा फिरलं आणि चालायला लागलं. बा उठला. काठाकाठानं त्याच्या मागे चालू लागला, म्हशीच्या मागे चालायचा तसाच, थोडं अंतर ठेवून, हाक न मारता. मी बाच्या मागे. घाटाच्या पायऱ्या मागे पडल्या, धुणाऱ्या बाया मागे पडल्या. पान पुढे पुढे. पुढं काठावर काटेरी झुडपं आली आणि वाट संपली, तिथं तो थांबला. पान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.

"घराकडं चाललं," तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी पुन्हा रडायला लागलो. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला म्हशीचा वास होता. "शिमग्याला ये," तो म्हणाला. "शिमगा झाला की परत जा." मी राहा म्हटलं, निदान शेठकडे जेवून जा म्हटलं. पण निजानीज व्हायच्या आत गोठ्यात दिसायला हवं, म्हणून तो तसाच निघाला. पोलादपूरपर्यंत मोटारीनं जा म्हणालो तर म्हणाला, "मोटारीत चार माणसं ओळखीची भेटतात."

शिमग्याला घरी गेलो. धुळवडीच्या सकाळी होळीच्या राखेभोवती सगळी वाडी जमली होती. पोरं राख उडवत होती. मला बघताच आजानं आवाज दिला, "काय रे थापाड्या! आज नदी कुठनं कुठं चाललीय?" हशा पिकला. मला राग अनावर झाला. बानं पाहिलंय, विचारा त्याला, असं म्हणायला मी तोंड उघडलं. बानं माझ्याकडे एकदाच बघितलं. मी तोंड मिटलं.

"आणि तू रे," आजा बाला म्हणाला, "अवसेला दिसभर दिसला नाय कुठं. मी दोनदा येऊन गेलो."

सगळे बाच्याकडे बघायला लागले. राखेतून अजून धूर निघत होता. बानं एक काटकी उचलली, राख उकरली.

"म्हस चुकली होती," तो म्हणाला. "खालच्या रानात उतरलेली."

"घावली?"

"घावली."

पुढे कोणी एक शब्द विचारला नाही. म्हशीबद्दल बा सांगेल ते खरं, तिथं शंका कोण काढणार? आजानं मान हलवली आणि लोक दुसऱ्या गोष्टीकडे वळले. मी मात्र तिथं उभा जळत होतो. थाप नको म्हणून ज्यानं माझी शाळा सोडवायला काढली होती, त्यानं देवीच्या होळीपुढे थाप मारली. तीही म्हशीची. आणि मारली ती माझ्या शाळेसाठी अवसेला ओलांडलेली वेस झाकायला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याला हे करावं लागलं याचं इतकं वाईट वाटलं की मी तिथून घरी पळालो.

आत्या चुलीपाशी माझ्या परतीच्या भाकऱ्या बांधत होती. पळसाची पानं पुसून पुसून रचत होती. मी दारात उभा राहिलो. तिनं बाहेर कोणी आहे का ते बघितलं आणि हळूच म्हणाली, "त्या दिवशी बी मीच बांधली होती."

"अवसेला? तुला माहीत होतं?"

"मंग? उपाशी जाऊ देईन?" तिनं गाठ घट्ट केली. मग माझा हात धरून मला खाली बसवलं. तिचे डोळे शिंप्याच्या दुकानातल्यासारखे झाले होते. "तो काय बोलत नाय. तू सांग. गेलं का रे वर?"

"गेलं."

"आपल्याकडं?"

"आपल्याकडं."

तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. "जा मंग," ती म्हणाली. "शीक."